‘एवढे वसूल झाले की सोडतो’

पत्र : माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा आहे. सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला असून पगार २८ हजार रुपये आहे. चार वर्षांपूर्वी तो मोबाइलवर ४९ रुपये भरून क्रिकेटची टीम लावू लागला. ती अ‍ॅप बंद झाल्यावर त्याने कोणाकडून तरी ‘आयडी’ (सट्ट्याच्या संकेतस्थळावरचे खाते) घेतला आणि आता तो थेट सट्टा खेळतो. कर्ज ६ लाख ४० हजारांवर गेले आहे. त्यात पतसंस्था आहे, क्रेडिट कार्ड आहे, मोबाइलवरून घेतलेली कर्जे आहेत आणि एका खासगी माणसाचे ८० हजार आहेत, शेकडा दहाने. मी आजवर दोनदा पैसे भरले. भाऊबीजेला त्याने ओवाळणीच्या ताटात पाचशेची नोट ठेवली आणि दुसऱ्याच दिवशी फोन करून वीस हजार मागितले. आता ५० हजार मागतो आहे. म्हणतो, ‘ताई, हे शेवटचे. एवढे वसूल झाले की सोडतो. मागच्या वेळी फक्त दोन धावांनी गेले.’ माझे बँक खातेही थोडे दिवस वापरायला दे म्हणतो. भावजयीला यातले काही माहीत नाही. तिला सांगायचे नाही, अशी त्याने मला आईची शपथ घातली आहे. पैसे द्यावेत का? की महिन्याला पाचशे-हजाराची मर्यादा घालून खेळू द्यावे? आमचे वडीलही कधीमधी आकडा लावत, त्यांचे असे कधी झाले नाही. परवा तो म्हणाला, ‘मी नसलो तर तुम्ही सगळे सुटाल.’ तेव्हापासून मला झोप लागत नाही.
– एक बहीण, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे आठवडाभर थांबू शकते आणि ते थांबू शकत नाही. जुगाराच्या कर्जात आणि लपवाछपवीत अडकलेल्या माणसांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून ‘मी नसलो तर सुटाल’ हे बोलणे पैसे उकळण्यासाठी केलेले नाटक आहे की मनापासून आलेले आहे, याचा निवाडा करत बसू नका. ते खरेच आहे असे धरून चाला. आजच त्याला एकटे गाठून सरळ विचारा, ‘जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?’ विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी विचारले याने माणूस थोडा मोकळा होतो. तो हो म्हणाला, किंवा गप्प बसून नजर चुकवू लागला, तर त्याला रात्री एकटे ठेवू नका, घरातली औषधे आणि विषारी वस्तू हाताशी राहू देऊ नका आणि १४४१६ हा क्रमांक लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असते, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. प्रसंग हातघाईचा असेल तर ११२ लावा, किंवा त्याला त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा. या एका कामापुढे तुम्हाला घातलेली शपथ, भावजयीला काय वाटेल ही चिंता आणि चारचौघांतली लाज या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. पन्नास हजार देऊ नका. तुम्ही कठोर व्हावे म्हणून मी हे सांगत नाही. तुम्ही यापूर्वी दोनदा पैसे भरलेत आणि दोन्ही वेळा ते प्रेमापोटी भरलेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण त्या दोन्ही वेळी प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. कर्जाचा फास जरा सैल झाला, घरी कोणाला कळले नाही आणि आपण कितीही खोल गेलो तरी ताई बाहेर काढते हा हिशेब त्याच्या मनात पक्का बसला. त्याच्या वाक्यातला सर्वांत घातक शब्द ‘शेवटचे’ हा नाही. ‘वसूल’ हा आहे. गेलेले पैसे कुठेतरी शाबूत ठेवलेले आहेत आणि आणखी थोडे टाकले की ते परत मिळतील, अशी कल्पना त्या शब्दात दडलेली आहे. ते पैसे कोणी राखून ठेवलेले नाहीत, ते गेले. हरलेले परत मिळवण्यासाठी आणखी खेळणे हे या आजाराचे अगदी ओळखीचे लक्षण आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ ते पहिल्याच भेटीत विचारतात.

मी आजार म्हणते, ते सांत्वनासाठी नव्हे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये जुगाराच्या विकाराला दारू आणि इतर नशांच्या व्यसनांबरोबर एकाच प्रकरणात स्थान दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतही त्याची स्वतंत्र नोंद आहे. तज्ज्ञांकडे लांबलचक प्रश्नावल्या असतात, पण प्राथमिक चाचपणीला दोन प्रश्नही पुरतात : दिवसेंदिवस जास्त रक्कम लावावीशी वाटते का, आणि किती खेळतो याविषयी जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले आहे का? यातल्या एका प्रश्नाचे उत्तर जरी हो आले तरी तपासणी करून घ्यावी, असे मानतात. तुमच्या पत्रात दोन्हींचे उत्तर लिहिलेले आहे.

‘फक्त दोन धावांनी गेले’ हे वाक्यही जरा निरखून पाहा. सेशनवर, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावर, पैसे लावणाऱ्याचे दोन धावांनी गेले काय आणि वीस धावांनी गेले काय, रक्कम तेवढीच जाते. पण थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला हरल्यासारखा वाटत नाही. जिंकल्यावर मेंदूतले जे भाग जागे होतात, त्यांतले काही अशा हुकलेल्या डावानेही जागे होतात, हे संशोधनात दिसले आहे. त्यामुळे तुमचा भाऊ त्या रात्री हरून झोपला नसेल. आपण जवळपास जिंकलोच होतो असे घोळवत तो जागा राहिला असेल. असा माणूस घरात ओळखू येतो. जेवताना फोन ताटाशेजारी उपडा ठेवलेला असतो, दर मिनिटाला तो उचलून पाहिला जातो, आमटी गार होते आणि काय झाले विचारले तर ‘कंपनीचा मेसेज आहे’ असे उत्तर येते. तुम्ही हे पाहिले असेल, मात्र त्याचा अर्थ तेव्हा लागला नसेल.

वडिलांविषयी तुम्ही विचारलेत, तो प्रश्न मला फार मोलाचा वाटला, कारण बहुतेक घरांत ही तुलना मनातल्या मनात केली जाते आणि मग मुलाच्या स्वभावाला दोष दिला जातो. मटका सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर चालत असे आणि १९६० च्या दशकात तो मुंबईत चिठ्ठ्या व पत्त्यांवर आला. तेव्हापासून त्यात ओपन आणि क्लोज असे दोनच क्षण असत. वडिलांनी दुपारी आकडा लावला तर निकाल लागेपर्यंत काही तास जात. त्या तासांत ते कामावर असत, चहा पीत, चार माणसांशी बोलत. डोके थंड व्हायला वेळ मिळे. शिवाय आकडा लावायला टपरीपर्यंत चालत जावे लागे आणि खिशात असतील तेवढेच पैसे लावता येत. तुमच्या भावाच्या हातातल्या फोनवर षटकाषटकाला, चेंडूचेंडूला पैसे लागतात. वीस षटकांच्या एका सामन्यात २४० चेंडू असतात. तो संपला की कुठल्यातरी देशात दुसरा चालू असतो आणि रात्री अडीच वाजता पलंगावर पडल्या पडल्या कर्जही त्याच फोनवर मिळते. लावणे आणि निकाल यांच्यातले अंतर जितके कमी, तितके व्यसन लवकर जडते. वडील भक्कम मनाचे होते आणि भाऊ कमकुवत निघाला, असे याचे उत्तर नाही. दोघांच्या हातात आलेली वस्तूच वेगळी होती.

(वडिलांच्या आकड्यातही फायदा नव्हताच. दहा आकड्यांपैकी एक लागतो आणि दहा रुपयांना सहसा नव्वद मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर देऊन नव्वद परत येतात. बाकीचे दहा चालवणाऱ्याचे. मग आकडा कोणताही लागो.)

यावरून मर्यादेच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. मर्यादेत खेळणारी माणसे असतात, हे मी नाकारत नाही. दिवाळीत घरच्यांबरोबर तीन पत्तीचे चार डाव खेळून उठणारी, १९६९ पासून चालू असलेल्या राज्य सरकारच्या लॉटरीचे एखादे तिकीट घेऊन ते विसरून जाणारी माणसे तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या खेळण्याला काही अटी असतात, बहुतेकदा न बोललेल्या. गेले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढेच पैसे ती लावतात, उसने घेऊन कधीच लावत नाहीत, उठायची वेळ आधी ठरवतात, मद्य घेतलेले असताना किंवा मन उदास असताना खेळत नाहीत, हरलेले त्याच दिवशी परत मिळवायला बसत नाहीत आणि किती गेले ते घरात सांगू शकतात. ज्या वाचकांना आपण अजून अलीकडे आहोत असे वाटते, त्यांनी या अटी आपल्याला लावून पाहाव्यात आणि एक जरी मोडत असेल तर थांबावे. तुमच्या भावाने मात्र यातली प्रत्येक अट ओलांडली आहे. त्याला महिन्याला पाचशेची मुभा देणे म्हणजे दारू सुटत नसलेल्याला रोज एकच पेला देण्यासारखे आहे. त्याच्यासाठी पूर्ण बंद हाच सोपा मार्ग आहे, कारण त्यात रोज नव्याने ठरवावे लागत नाही.

आता बँक खात्याविषयी, आणि इथे मी तुम्हाला हात जोडून सांगते : खाते, एटीएम कार्ड, सिम कार्ड, यूपीआय यांतले काहीही देऊ नका, एका दिवसासाठीही नाही. सट्टा चालवणारे लोक पैसे फिरवण्यासाठी अशीच साध्या माणसांची खाती वापरतात. अनेकदा त्यात फसवणुकीचे पैसेही येतात. पोलिसांचा माग प्रथम खात्याच्या मालकाकडे येतो, खाते गोठवले जाते आणि पगार अडकतो. तुम्हाला पोलीस ठाण्यात खुलासा करत बसावे लागेल. भावाने आपले स्वतःचे खाते कोणाला वापरायला दिले आहे का, तेही विचारा.

कायद्याची भीती घालून कोणी त्याला गप्प ठेवत असेल, तर हेही त्याला सांगा. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि त्यांचे पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्यांना. केवळ खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. (मटक्याच्या किंवा पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे १८८७ चा जुना जुगारबंदी कायदा खेळणाऱ्यालाही धरतो.) उपचारांसाठी डॉक्टरांकडे गेल्यास पोलीस घरी येतील, ही भीती निराधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिलेला आहे.

शपथेचे काय? ताई, आईच्या नावाने घातलेली शपथ मोडणे तुम्हाला जड जाईल हे मला समजते, म्हणून ती तुम्ही लगेच मोडू नका. त्यानेच मागे घ्यायला हवी. त्याला एक मुदत द्या, आठवड्याची. ‘तू तुझ्या बायकोला सांग, मी तुझ्या शेजारी बसते. रविवारपर्यंत तू सांगितले नाहीस तर मी सांगेन, आणि तुझ्यासमोरच सांगेन, पाठीमागे नाही.’ भावजयीला अंधारात ठेवणे म्हणजे तिला त्रासातून वाचवणे नव्हे. तिच्या नावावर कर्ज निघाले आहे का, दागिने जागेवर आहेत का, हे पाहण्याची संधीच आपण तिला नाकारतो. तिला कळेल तेव्हा ती रागावेल आणि तो राग योग्यच असेल. मात्र जीव देण्याचे विचार त्याच्या मनात आहेत असे दिसले, तर ही आठवड्याची मुदत लागू नाही. मग त्याच दिवशी तिला विश्वासात घ्या.

बोलण्यासाठी वेळ निवडा. सामना चालू असताना, हरल्या रात्री किंवा आईसमोर हा विषय काढू नका. रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, दारे लावून, तिघांनी एक दोनशे पानी वही घेऊन बसा. पहिल्या पानावर त्याच्या हाताने सगळे लिहून घ्या : कोणाकडून, किती, कोणत्या तारखेला, व्याज काय, कोणी जामीनदार आहे का. पहिल्यांदा सांगितलेली रक्कम बहुधा पूर्ण नसते. ६ लाख ४० हजार ही त्याने सांगितलेली रक्कम आहे. आणखी काही निघाले तर त्या क्षणी ओरडू नका. लिहू द्या, कारण ओरडलात तर बाकीचे लपेल. पाठोपाठ बँकांची विवरणे आणि क्रेडिट अहवाल काढा, म्हणजे वही आणि कागद जुळतात की नाही ते दिसेल.

मग पैसा त्याच्या हातापासून दूर न्या. पगार जमा होतो ते खाते काही महिने भावजयीने सांभाळावे, त्याला रोजचा पेट्रोल-चहाचा खर्च रोख द्यावा, यूपीआयची दैनिक मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी, क्रेडिट कार्ड बंद करावे. फोनवर जुगाराची संकेतस्थळे अडवणारी साधने मिळतात. बेटब्लॉकर हे त्यांपैकी विनामूल्य आहे. ‘आयडी’ देणाऱ्याचा क्रमांक, टिपा देणारे टेलिग्रामचे गट, सगळे तुमच्या डोळ्यांदेखत काढून टाकायला सांगा. हे त्याला शिक्षा म्हणून करायचे नाही. ओढ येते तेव्हा ती कायम टिकत नाही, ओसरते, आणि त्या वेळात हातात पैसा नसणे ही त्याची मोठी सोय आहे. आईच्या नावावर घर असेल तर त्याची मूळ कागदपत्रे लॉकरमध्ये ठेवा आणि कोणालाही मुखत्यारपत्र देऊ नका. जामीनदार म्हणून तुमच्यापैकी कोणीही सही करू नये. सही नसेल तर भावाच्या कर्जासाठी बहीण बांधील होत नाही.

वहीतल्या सगळ्या रकमा सारख्या नाहीत. पतसंस्था आणि क्रेडिट कार्ड ही रीतसर कर्जे आहेत. तिथे जाऊन हप्ते पुन्हा बांधून मागा; आधी जाऊन बोलणाऱ्याला सवलत मिळण्याची शक्यता अधिक असते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कर्जाच्या अ‍ॅपवाले नातेवाइकांना धमक्या देत असतील, फोटो पाठवत असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. शेकडा दहाने, म्हणजे ८० हजारांवर महिन्याला ८ हजार व्याज घेणाऱ्याकडे सावकारीचा परवाना आहे का ते पाहा. नसेल तर तो २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. बुकीचे काही देणे निघत असेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करारच निरर्थक असतो, त्या पैशांसाठी कोर्टात दावा लावता येत नाही. तो दमदाटी करू लागला तर सरळ पोलिसांकडे जा. हे सगळे एकटीने करू नका. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुम्ही आणि भावजय दोघींनी जा. त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे.

उपचारांत मुख्य भाग बोलण्याचा असतो. खेळण्याची ओढ कोणत्या वेळी, कोणत्या विचाराने येते ते समुपदेशक त्याच्याकडूनच शोधून घेतात आणि तो विचार तपासायला शिकवतात. सोबत नैराश्य असेल, आणि तुमच्या पत्रावरून ते असावे असे वाटते, तर औषधेही देतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा, तिथे खर्च फारसा नाही. व्यसनमुक्ती केंद्राचा कोणी सल्ला दिला तर जुगारासाठी वेगळे समुपदेशन आहे का आणि घरच्यांना बोलावतात का, हे विचारल्याशिवाय दाखल करू नका. मारहाण करून किंवा कोंडून ‘सुधारणाऱ्या’ जागांपासून तर चार हात दूर राहा. गॅम्बलर्स अनॉनिमस ही जुगार सोडू पाहणाऱ्यांची परस्पर मदतीची चळवळ १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली, तिच्या सभा आता ऑनलाइनही होतात. तिथे त्याला आपल्यासारखीच माणसे भेटतील, आणि हे काम बहीण कितीही चांगली असली तरी करू शकत नाही.

तो मध्येच एकदा घसरेल, अशी तयारी ठेवा. पुष्कळजण घसरतात. त्या दिवशी त्याने दडवण्याऐवजी तुम्हाला किंवा बायकोला फोन केला, तर तुमचे काम बरोबर चालले आहे असे समजा आणि पुढची डॉक्टरांची भेट अलीकडे घ्या.

पैसे नाकाराल तेव्हा तो दुखावेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. तुम्ही मात्र फोन करत राहा. त्याला डॉक्टरांकडे न्यायला तुम्ही अर्धी रजा काढा, त्याला मुले असतील तर त्यांना सुटीत घरी आणा, भावजयीकडे किराणा भरून द्या. रोख मात्र त्याच्या हातात देऊ नका. आणि रविवारी सकाळी त्याच्याशी बोलणार असाल, तर शनिवारी एकदा १४४१६ ला स्वतःसाठी फोन लावा. तो क्रमांक घरच्यांसाठीही आहे. तुम्हाला किती दिवस झोप लागलेली नाही, ते त्यांना आधी सांगा.